हरलेल्यांचा चहा

माझी शिट्टी एकदा पाथरीच्या मैदानावर अशी काही वाजली, की तिकडे स्टँडातून निघालेली एसटी जागच्या जागी थांबली आणि कंडक्टर मागे वळून ओरडला, "कोण उतरायचं राहिलंय?" ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. हसू देत. त्या एसटीत माझे सासरे बसलेले होते. ते जन्मात कधी माझ्या बाजूने बोलले नाहीत, आणि तरी ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली.

मी कबड्डीचा पंच. पोटापाण्यासाठी शाळेत खेळाचा मास्तर होतो, तिथून रीतसर निरोप समारंभ होऊन बाहेर पडलो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. पंचगिरीतून मात्र कुणी निरोप देत नाही. तिथे माणूस एक तर पळून जातो किंवा त्याला पळवून लावतात. मी दोन्ही अनुभव घेतले आणि पुन्हा जाऊन उभा राहिलो. आजवर माझ्यावर भिरकावलेले दगड कुणी नीट गोळा केले असते, तर आमच्या घराचं जोतं फुकटात भरून निघालं असतं. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की दगड काय कामाचे, विटा टाकणारं एखादं गाव बघा.

ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिला आहे, त्यांना आमच्या धंद्याची थोडी ओळख करून देतो. एका बाजूचा एक गडी समोरच्या सात जणांच्या अंगणात शिरतो. याला म्हणायचं चढाई. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत त्याने कुणाला तरी शिवायचं आणि मधली रेघ ओलांडून परत यायचं. शिवून परत आला तर ज्याला शिवलं तो बाद. पकडला गेला तर हा बाद. पंचाने बघायचं काय? तर याचा हात कुठे लागला, पाय कुठे पडला आणि दम चालू आहे की नाही. तीन ठिकाणी एकाच वेळी. आणि चौथ्या ठिकाणाहून काही उडत येतंय का, तेही.

हे सगळं मला जमत होतं. वर्षानुवर्षं जमलं. मग आले तारे.

टीव्हीवर कबड्डी लागायला लागली आणि आमच्याकडच्या गावांना वेड लागलं. जत्रेच्या स्पर्धेत आपल्या गावच्या पोरांबरोबर एक तरी टीव्हीत दिसलेला खेळाडू पाहिजेच. मग वर्गणी करून, जीप पाठवून, बाहेरून गडी आणायचा. तो आला की गाव निम्मं काम सोडतं. आणि खरी अडचण पुढे असते. ताऱ्याने चढाई सुरू करायच्या आधीच सगळ्यांच्या मनात त्याला गुण मिळालेला असतो. प्रेक्षकांच्या, गुण लिहिणाऱ्याच्या, फार काय, समोरच्या संघाच्याही. पंचाचा हातसुद्धा आपोआप वर जाऊ बघतो, देवळात शिरलं की घंटेकडे जातो तसा. तो हात खाली धरून ठेवणं, हीच पंचगिरी. बाकी शिट्टी काय, हिवाळ्यात गस्त घालणारा गुरखाही वाजवतो.

तसे तारे आधीही होते, फक्त घरगुती. गंगाखेडकडच्या एका गावात तिथल्या जमीनदार मालकांचा धाकटा मुलगा चढाईला जायचा. रुबाबदार गडी, मिशीला पीळ. त्याला कधी कुणी बाद दिलेलं गावाला आठवत नव्हतं. त्याचा दम मला ऐकूच येईना. कारण कर्ण्यावर निवेदक किंचाळत होता, "आणि हे पाहा, वाघ निघाला!" मी शिट्टी मारून कर्णा बंद करायला लावला. सामना पुन्हा सुरू. वाघ निघाला. मी रेषेच्या कडेने त्याच्या बरोबरीने पळत कान लावला. कबड्डीचा पत्ता नाही. गडी समोरच्या कोपऱ्यातल्या खेळाडूला हळूच विचारत होता, "कवा आलास? घरी समदे बरे हायेत ना?"

आणि तो कोपऱ्यातला गडी बचावाच्या पवित्र्यात वाकून म्हणत होता, "बरे हायेत दाजी. आईचे गुडघे तेवढे दुखायलेत."

मेहुणा निघाला! मी शिट्टी मारली आणि दम सोडला म्हणून दाजींना बाद दिलं. गाव अंगावर आलं. मी म्हणालो, "गुडघेदुखीला औषध देतो, गुण देत नाही." त्या वेळी पळालो तो सरळ रेल्वे फलाटावर. गाडी उभी होती म्हणून हा लेख लिहायला शिल्लक राहिलो.

ताऱ्यांची नखं ही आणखी एक जिकीर. सामन्याआधी पंचाने प्रत्येकाची नखं तपासायची असतात. वाढलेली असली तर कापायची, नाहीतर समोरच्याच्या कातड्याची रांगोळी होते. माझ्या खिशात नेलकटर कायम. एकदा एका टीव्हीवाल्या ताऱ्याची नखं मी भर मैदानात कापली, तर पोरांनी ते तुकडे मातीतून वेचून घेतले. एकाने म्हणे ताईत करून गळ्यात घातला. पुढे तो पोरगा तलाठी झाला, हे मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता चहाचं सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन थांबणार आहे.

ज्यांच्या हाताखाली मी पंचगिरी शिकलो ते गुरुजी यजमान गावाच्या चहाला शिवत नसत. सामन्याआधी तर नाहीच. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. मीही ते व्रत घेतलं. यजमान आग्रह करतात, रुसतात, बशीत ओतून समोर धरतात. मी आपला आकाशाकडे बघत उभा. सामना झाल्यावर जिंकलेलेही चहा घेऊन येतात, तोही नाही. जिंकलेला माणूस काय, त्या क्षणी म्हशीलाही चहा पाजेल. गुरुजींचा कायदा एकच होता. हरलेल्या संघाने आपण होऊन चहा दिला तरच प्यायचा. तो मिळाला तर समजायचं, आज काम बरोबर झालं.

एवढ्या वर्षांत तो चहा किती वेळा मिळाला, हे विचारू नका. अॅसिडिटीचा त्रास मला कधीच झाला नाही, एवढ्यावरून अंदाज बांधा.

तर आता त्या सामन्याकडे येतो.

गोदाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथे माझा साडू राहतो आणि दर हिवाळ्यात त्याच्याकडे हुरडा खायला जावं लागतं. जत्रेतली अंतिम लढत. एका बाजूला यजमान गाव, आणि त्यांचा भाड्याचा तारा. त्याला सगळे 'तुफान' म्हणत. उंच, सडपातळ, केसांचा कोंबडा. टीव्हीवर दोन हंगाम खेळलेला. दुसऱ्या बाजूला झरीकडची पोरं. पांढरे बनियन, पाठीवर रंगाने काढलेले आकडे, आणि सोबत त्यांचे प्रशिक्षक माणिकमामा. मामांचा आवाज माझ्या शिट्टीच्या खालोखाल.

झरीच्या डाव्या कोपऱ्यात बालाजी नावाचा गडी होता. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम म्हणजे चढाई करणाऱ्याचा घोटा धरणं. बालाजीने घोटा धरला की बैलाच्या पायात साखळी पडल्यासारखं व्हायचं. ऊस सुरू असला की तो साखर कारखान्यावर वजनकाट्याशी कामाला, हंगाम संपला की दुसऱ्याच्या रानात. आणि त्या दिवशी स्टेजवर पहिल्या रांगेत पुण्याकडच्या एका कंपनीच्या संघाचे साहेब बसले होते. त्यांना डावा कोपरा हवा होता. खेळायचं आणि कंपनीत कायमची नोकरी. साहेबांनी माणिकमामांना सरळ सांगून ठेवलं होतं, "पोरगा चांगला आहे, पण वरच्यांना चषक दाखवावा लागतो. फायनल मारा, मी घेऊन जातो." वयाची अट होती आणि बालाजीला ते वर्ष शेवटचं. हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. मला माणिकमामांनी मुद्दाम ऐकवलं. मी म्हणालो, "मामा, मला कशाला सांगता?" मामा म्हणाले, "तुमाला न्हाई, तुमच्या शिट्टीला सांगायलोय."

सामन्याआधी तुफानचा सत्कार. यजमान मंडळाचे प्रमुख आप्पा. पांढरा सदरा, बोटात अंगठ्या, आणि माझ्याकडे बघायचं झालं तर चष्म्याच्या वरून. त्यांनी तुफानला फेटा बांधला, शाल घातली, आणि मग गुलाल. साधा चिमूटभर नाही. पोती फोडली. गडी खालपासून वरपर्यंत गुलाबी झाला. फक्त डोळे दिसत होते.

माणिकमामा धावत माझ्याकडे. "सर, अंगाला तेल चालत न्हाई ना?"

"नाही चालत."

"मग गुलाल कसा चालतो?"

मी म्हणालो, "मामा, तेलाने पकड सुटते, म्हणून मनाई. गुलालाने हात सुटत नाही, उलट बसतो. चालेल."

मामा पोरांकडे वळून म्हणाले, "बगा रे, पंच बी वरातीत नाचायलाय."

मी गिळलं. नियम तो नियम.

पण आप्पांच्या माणसांचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी तिथेच एक नवीन रीत काढली. तुफान गुण घेऊन परत आला की आपल्या बाजूच्या कडेला जायचा, दोन्ही हात पुढे करायचा, आणि आप्पांची माणसं त्याच्या तळहातांवर ओंजळभर गुलाल ओतायची. तो फुंकर मारून उडवायचा. गर्दी वेडी व्हायची. मी ताकीद दिली, "रेषेच्या आत कण पडला तरी सामना थांबवीन." त्यांनी मान्य केलं आणि रेषेबाहेर उधळत राहिले. थोडक्यात काय, त्या दिवशी तुफान चढाईला निघायचा तो तळहात ताजे रंगवून. हे करताना आप्पांच्या डोक्यात फक्त शोभा होती. आपण काय करून बसलो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मला मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळलं. तुफान चढाईवर गेला, गर्रकन फिरला, परत आला आणि मागे वळून तीन जणांकडे बोट दाखवलं. "टच, टच, टच." आणि काय सांगू, झरीची तिन्ही पोरं मान खाली घालून बाहेर चालू लागली!

मी शिट्टी मारली. "ए, कुठं चाललात?"

"बाद झालाव ना, सर."

"कुणी केलं बाद?"

"त्यानं बोट दाखवलं की."

"बोट दाखवून तर रिक्षाही थांबत नाही हल्ली. इकडं या."

तिघांना ओळीत उभं केलं. एकाच्या खांद्यावर पाच बोटं गुलाबी. बाकी दोघे लख्ख पांढरे. एक बाद, दोन आत. आप्पा स्टेजवरून गरजले, "ओ पंच! तो काय खोटं बोलतो काय?" मी म्हणालो, "तो बोलला नाही. त्याने बोट दाखवलं. मी बनियन पाहिलं." टीव्हीवर पंचांना चार बाजूंनी कॅमेरे असतात. मला त्या दिवशी गुलाल होता, तोही यजमानांच्या खर्चाने.

हे फार काळ टिकणार नव्हतंच. झटापट होऊन, घाम येऊन, मध्यंतरापर्यंत झरीचा अख्खा संघ लग्नाच्या वऱ्हाडासारखा दिसायला लागला. आता कुठला डाग कुणाचा, हे देवालाही सांगता आलं नसतं. पुन्हा मी, माझे डोळे आणि माझी शिट्टी.

पण खेळ काय रंगला! बालाजीने तुफानचा घोटा असा धरला की स्टेजवरचे साहेब खुर्चीच्या टोकाला आले. पुढच्या वेळी तुफान त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेला. ती उडी एवढी उंच होती, की खाली येईपर्यंत मी बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं. मग पुन्हा बालाजीने धरला. साहेबांनी शेजाऱ्याला विचारलं, "नाव काय म्हणालात याचं?" हे मी ऐकलं. पंचाने ऐकू नये, पण कान काय घरी ठेवून येणार?

शेवटाकडे गुण समान झाले. तेवढ्यात एका पकडीत बालाजीचं बनियन गळ्यापासून कमरेपर्यंत टरकलं. फाटक्या कपड्यात खेळता येत नाही, बोटं अडकून मोडतात. मी सामना थांबवला. झरीकडे जास्तीचं बनियन नव्हतं. गर्दीतून ओरडा, "धोतर नेसव त्याला!" शेवटी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर पळत आला. त्याने त्याच सकाळी जत्रेत स्वतःसाठी बनियन घेतलं होतं. नवं कोरं, घडीसुद्धा मोडलेली नाही. मार्करने पाठीवर आकडा काढला आणि बालाजी आत. सगळ्या गुलाबी गर्दीत तो एकटा दुधासारखा पांढरा.

मग आली शेवटची चढाई. तुफान. तळहातांवर ताजा गुलाल.

इथे एक नियम सांगायला हवा, फक्त एकच. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक अरुंद पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. चढाई करणाऱ्याने कुणाला शिवल्याशिवाय त्या पट्टीत पाय टाकला तर तो बाद. शिवल्यानंतर टाकला तर चालतो. झालं, एवढंच.

तुफान गेला तो सरळ बालाजीच्या कोपऱ्यात. बालाजी घोट्यावर झेपावला. तुफान कडेला सरकला, आणि त्याचा पाय लॉबीत पडला. फक्कीची पांढरी रेघ उडालेली मी स्वच्छ पाहिली. मग तो वळला आणि वाऱ्यासारखा मधली रेघ ओलांडून गेला. वळून बालाजीकडे बोट. "टच!" वेळ संपली.

आता प्रश्न एकच. पाय पडण्याआधी हात लागला होता का? लागला असेल तर बालाजी बाद, यजमान जिंकले. नसेल तर तुफान बाद, झरी जिंकली, आणि बालाजी कंपनीत.

मी पाय पाहिला होता. हात पाहिला नव्हता. बालाजीचं अंगच मध्ये आलं. समोरच्या कडेचा पंच त्या क्षणी आप्पांच्या माणसांना रेषेबाहेर ढकलत होता. मैदानाभोवती मोबाईल धरलेले हात तर जत्रेतल्या फुग्यांएवढे. मी एका पोराला विचारलं, "दाखव रे." त्याने दाखवलं. तुफानचा चेहरा. दुसऱ्याने दाखवलं. तुफानचा चेहरा, आणि पुढे त्याचा स्वतःचा. साऱ्या गावाने ताऱ्याचं तोंड टिपलं होतं. हाताकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

पंचाने जे पाहिलं नाही ते घडलं नाही, असा आमचा सरळ हिशेब असतो. म्हणजे तुफान बाद. आणि खरं सांगतो, मला ते करायचंच होतं. आयुष्यभर ताऱ्यांशी भांडलो, आता भर जत्रेत, अंतिम लढतीत, शेवटच्या चढाईत एका ताऱ्याला बाद द्यायची संधी चालून आलेली. शिट्टी तोंडात होती.

आप्पा स्टेजवरून खाली उतरले होते. हळूच म्हणाले, "सर, आमच्या वेशीतूनच जायचंय तुमाला. इचार करून काय ते द्या."

दुसऱ्या बाजूने माणिकमामा, "सर! लॉबी! लॉबी! आज तरी त्या तुफानाला माणूस समजा!"

अरे बापरे! तुफानला गुण दिला तर लोक म्हणणार, पंच वेशीला घाबरला. नाही दिला तर वेस आहेच.

आणि मग माझी नजर बालाजीवर गेली. सगळी पोरं हातवारे करत होती, ओरडत होती. बालाजी एकटा गप्प. आणि त्याचा उजवा हात अंगाशी घट्ट, ताप मोजायला काखेत थर्मामीटर धरावं तसा.

मी शिट्टी तोंडातून काढली. त्याच्याजवळ गेलो.

"बालाजी, हात वर कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे, साहेब बसले होते तिकडे. तो म्हणाला असता, "सर, खांदा दुखायलाय," तर मी काय करणार होतो? नियमपुस्तकात काखेचा उल्लेख नाही. माणिकमामा ओरडले, "कर ना रे वर! काय लपवायलास?" मामांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं.

बालाजीने हात वर केला.

काखेच्या जरा खाली, त्या नव्या कोऱ्या बनियनवर, चार बोटं. गुलाबी. इतकी स्वच्छ, की अंगठ्याऐवजी तोच ठसा घेऊन सातबारा नावावर करता आला असता.

"हात आधी लागला, का पाय आधी पडला?" मी विचारलं. डाग कुठे लागला ते सांगतो, कधी लागला ते नाही.

बालाजी खाली बघत म्हणाला, "हात लागला, मग तो सरकला."

मी यजमानांना गुण दिला.

ज्या शिट्टीने एसटी थांबवली होती, ती त्या दिवशी कुकरच्या दमलेल्या शिट्टीसारखी वाजली. गाव आत घुसलं, तुफानला खांद्यावर घेतलं, राहिलेली पोती फुटली. आप्पा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता कसं, शहाण्यासारखं केलंत!" एवढा अपमान माझा कुठल्या दगडाने केला नाही. मी म्हणालो, "आप्पा, तुमच्यामुळे नाही, तुमच्या गुलालामुळे जिंकलात." ते मोठ्याने हसले. त्यांना ती स्तुती वाटली.

गर्दी ओसरल्यावर तुफान माझ्याकडे आला. फेटा काखोटीला. पोरगाच होता, जवळून पाहिल्यावर.

"सर, माझा पाय लॉबीत पडलेला दिसला तुमाला?"

"दिसला."

"कुणी बघत न्हाई सर माझ्या पायाकडं. कुठल्याच गावात. मी बोट दाखवतो अन् गुण मिळतो. आता माझं मलाच कळंना झालंय, खरा किती खेळतो मी." मग तो हसला. "आजचा शेवटचा मात्र माझा हाय. तुमी तपासून दिला."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी हात धुऊन ये, पुन्हा तपासतो."

तिकडे स्टेजवर साहेब उठले, गाडीत बसले. पुढचं इथेच सांगून टाकतो, म्हणजे आशा लावून ठेवायला नको. बालाजीला ती नोकरी मिळाली नाही. चषक नव्हता. साहेबांनी जाताना माझ्याकडे येऊन फक्त एवढं विचारलं, "त्याने हात वर केला नसता तर?" मी म्हणालो, "हे वरच्यांना सांगा ना." ते म्हणाले, "हात वर करणारा कोपरा कुणाला हवाय, सर?" आणि गेले. तेव्हापासून त्या कंपनीचा सामना टीव्हीवर लागला की मी समोरच्या संघाच्या बाजूने ओरडतो. सौभाग्यवती विचारतात, पंचाने असं ओरडावं का? मी सांगतो, मी रिटायर झालोय.

मी पिशवी उचलली. वेशीकडे निघालो. झरीची जीप तिथेच चहाच्या टपरीशी उभी होती, त्यामुळे नजर चुकवायला जागा नव्हती. पोरं गाडीच्या टपावर, टायरवर, जमिनीवर, जिथे पडली तिथे बसलेली. माणिकमामांनी मला पाहून तोंड फिरवलं. मी पुढे निघालो.

"सर."

बालाजी. अंगात तेच बनियन.

"तुमी हात वर कर म्हणलात ना, तवा वाटलं तुमालाच धरून आपटावं."

"मग आपटलं का नाहीस?"

"घोटा सापडला न्हाई," तो म्हणाला. "खरं सांगू? हात खाली ठिवला असता तर जिंकलो असतो. पण तुमी न तपासता त्याला गुण दिला असता अन् हरलो असतो, तरी वर्षभर झरीत सांगत फिरलो असतो, की पंचानं ताऱ्याला झुकतं दिलं. आता ते बी सांगता येईना. कुणाला शिव्या द्याव्या, तेच कळंना."

"मला दे. मला सवय आहे."

"तुमाला देऊन काय उपेग? तुमी बरोबर दिलाय."

तो टपरीकडे वळला आणि म्हणाला, "मामा, सरला चहा सांगू का?"

ड्रायव्हर बोनेटवर बसून आपल्या डागाळलेल्या बनियनकडे दुःखाने बघत होता. मग मामा न वळताच म्हणाले, "सांग. पण साखर घालू नको म्हणावं. तेवढं प्रेम न्हाई आलेलं अजून."

टपरीवाल्याने तसाच दिला. कडू, काळपट, वर गुलालाचा एक कण तरंगणारा. मी उभ्या उभ्या शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. आणि ग्लास परत देताना मामांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आणखी एक होईल का?"